काखमांजरी आणि मांजरपाट

मापाला आणलेला जुना ब्लाऊज मी आधी उलटा करते. गिऱ्हाइकाला वाटतं, ही आता छाती मोजेल, बाही मोजेल. मी बघते काख. बाई कुठलं काम करते, किती घामेजते, उजवा हात जास्त चालवते की डावा, हे सगळं तिथं लिहिल्यासारखं दिसतं. मिठाची पांढरी कड दिसली की समजायचं, शेतातली बाई. पिवळट डाग आणि कडक झालेलं कापड दिसलं की चुलीपुढे बसणारी. आणि तिथंच तपकिरी, वाळलेला ठिपका दिसला की मी टेप बाजूला ठेवते आणि विचारते, "काय वं, दुखून राह्यलं का?"

संपादकांनी शिवणकामाच्या आठवणी मागितल्या, तेव्हा त्यांच्या मनात लग्नाचे शालू आणि नवरीचे ब्लाऊज असावेत. तेही मी पुष्कळ शिवले. पण एवढी वर्षं मशीन चालवून मला स्वतःला जे काम आठवतं, ते काखेतलं आहे. दिवाळीच्या अंकात हा विषय बरा दिसेल का, अशी शंका घरच्यांनी काढली. मी म्हटलं, काख काही दिवाळीला सुट्टी घेत नाही.

आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्यातलं, बेल्याच्या बाजूचं, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून. तेव्हा आम्ही आंध्र प्रदेशात होतो. घरात मराठी, कचेरीत तेलुगू, बाजारात हिंदी, असा आमचा कारभार. माझे वडील शिंपी होते. शेतकऱ्यांचे सदरे, बंड्या शिवायचे. मी त्यांच्याजवळ शिकले आणि लग्न होऊन इथे आले, तेव्हा मशीन घेऊन आले. मालक मर्दानी कपडे शिवायचे, मी बायांचे. गावात मला सगळे टेलरबाई म्हणायचे, अजून म्हणतात.

ऐंशी-पंच्याऐंशीनंतर आमच्याकडे कापडं बदलली. टेरिकॉट आलं, नायलॉन आलं. धुतलं की लगेच वाळतं, इस्त्री लागत नाही, रंग जात नाही. बायांना ते आवडलं, त्यात नवल नाही. त्याच्यासोबत घट्ट बाह्यांची तऱ्हाही आली. सिनेमात दिसायची तशी कोपरापर्यंत चिकटलेली बाही लग्नाला जाणाऱ्या मुलींना पाहिजे असायची. मग तोच ब्लाऊज जुना झाला की कापूस वेचायला जायचा. दिवसभर हात पुढे-मागे चालतोय, ओटीत कापसाचं ओझं, ऊन वर, आणि काखेत घाम न पिणारं कापड. आम्ही शिंपी काखेच्या गोलाईला मुंढा म्हणतो. मुंढा घट्ट असला की प्रत्येक बोंडागणिक शिवण कातडीवर घासते.

सिंधू अशीच एक. पैनगंगेच्या पलीकडची मुलगी, आमच्या गावात सून होऊन आलेली. अंगानं बारीक, कामाला चटपटीत, बोलायला कमी. एका वर्षी ऐन वेचणीच्या दिवसांत ती एकच ब्लाऊज घेऊन पुन्हा पुन्हा माझ्याकडे आली. दर वेळी म्हणायची, मुंढा थोडा उसवून द्या.

शेवटी मी विचारलं, "सिंधू, तू तं वाळून राह्यली. मग पोलकं काऊन घट्ट होते?"

तिनं दाराकडे बघितलं. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. मी पडदा ओढला आणि म्हटलं, "दाखव."

तिनं हात वर करायचा प्रयत्न केला, तो खांद्याच्या वर गेलाच नाही. काखेत लहान लहान लाल पुटकुळ्या होत्या, आणि प्रत्येकीच्या मधोमध एक केस. मध्ये एक मोठं गळू, बोराएवढं, ताणून चकाकणारं. आणि त्याच्याभोवती कातडी काळी पडून फोड आलेले.

"हे काळं काय?"

"सासूबाईनं बिब्बा लावला. म्हणे बिब्ब्यानं काखमांजरी पळते."

काखेतल्या गळवाला आपल्याकडे काखमांजरी म्हणतात. का म्हणतात, ते मला माहीत नाही. माझी आई सांगायची की मांजर जशी पिल्लं तोंडात धरून जागा बदलते, तशी ही बरी झाली म्हणेपर्यंत शेजारी दुसरी येते. बिब्ब्याचं तेल कातडी जाळतं, हे मात्र मला माहीत होतं. कारण आमचा धोबी कपड्यांवर बिब्ब्यानं खुणा करायचा आणि त्याच्या हाताला भाजल्याचे डाग पडायचे. सिंधूच्या काखेत आता गळूही होतं आणि भाजलेलंही.

"दवाखान्यात दाखवलं?"

"तिथं कसं दाखवू, काकू? काख हाय."

मी मशीनवर कापड टाकलं, दुकान ओढून घेतलं आणि तिला सिस्टरकडे घेऊन गेले.

सरोजा सिस्टर निर्मलकडच्या तेलुगू बाई. गावात सरकारी दवाखाना म्हणजे शाळेमागची एक खोली, आणि त्या खोलीत सिस्टर एकट्या. उंच, सावळ्या, हातात कायम काळी छत्री. आसपासच्या गावांना पायी जायच्या. मराठी त्या पोरांना सुया टोचताना शिकल्या, त्यामुळे मोठ्या माणसांशीही त्या तशाच बोलायच्या. "रडू नको. हात सोड. झालं, झालं." मध्ये अडलं की हिंदी, त्यापुढे अडलं की तेलुगू.

त्यांनी सिंधूची काख उजेडात धरून बघितली. ओठ घट्ट मिटले. मग म्हणाल्या, "सेगगड्डा. आमच्यात उष्णतेची गाठ म्हणतात. पण अम्मा, हे उष्णतेनं नाही."

मग त्यांनी आम्हा दोघींना समजावून सांगितलं. मी शिवणारी बाई, म्हणून माझ्याच पदराचं टोक हातात घेतलं. "हे बघा. केस जिथून निघतो तिथं बारीक भोक असतं. तुमच्या सुईच्या भोकासारखं. आपण घासलं, ब्लेडनं खरडलं, घाम तिथंच मुरला, तर त्या भोकात जंतू जातात. मग केसाभोवती लाल पुटकुळी. तेवढ्यावर थांबलं तर आपोआप बरं होतं. दाबलं, खाजवलं, बिब्बा लावला, तर जंतू खोल जातात. मग हे असं गळू."

"ब्लेड लावते का तू?" सिस्टरनी विचारलं.

सिंधू खाली बघत म्हणाली, "यांची जुनी ब्लेड पडली राह्यते न्हाणीत. तीच."

"आणि अंग कशानं पुसते?"

"पंचा हाय एक. घरात सारेच त्यानंच पुसते."

सिस्टरनी मान हलवली. रागावल्या नाहीत. त्या कधीच रागवायच्या नाहीत, हे मला पुढे कळलं. त्यांनी पाणी तापवायला ठेवलं, स्वच्छ फडकं त्यात बुडवून पिळलं आणि स्वतःच्या मनगटावर लावून बघितलं. चटका बसत नाही याची खात्री झाल्यावर काखेच्या न भाजलेल्या भागावर ठेवलं. "असं रोज, दिवसातून तीन-चार वेळा. गरम, पण भाजेल असं नाही. आपोआप फुटलं तर फुटू दे. दाबायचं नाही. वद्दु." वद्दु म्हणजे नको. हा शब्द आमच्या गावातल्या बायांनी सिस्टरकडूनच घेतला. भाजलेल्या जागेला मलम दिलं आणि मोठं गळू होतं म्हणून जिल्ह्याच्या डॉक्टरांना विचारून गोळ्या आणून दिल्या. रोज साबणानं धू, कोरडं कर, बरं होईपर्यंत ब्लेड बंद. पुढेही केस काढायचेच असले तर कात्रीनं आखूड कर. पंचा वेगळा, उन्हात वाळवलेला. ताप आला, लाली हातावर पसरली, तर एक दिवसही थांबायचं नाही.

मग त्यांनी सिंधूचा ब्लाऊज उचलला. काखेतल्या शिवणीवर अंगठा फिरवला आणि माझा हात धरून तिथं ठेवला.

"ये गाठ देखो," त्या म्हणाल्या.

ब्लाऊजची पुढची बाजू, मागची बाजू आणि बाही, या सगळ्यांच्या शिवणी जिथं एकमेकींना भेटतात, ती जागा काखेच्या अगदी मध्यात येते. चार पदर कापड आणि दोन शिवणी, म्हणजे खडाच होतो तिथं. मी हजार ब्लाऊज शिवले होते, आणि प्रत्येकात ती गाठ होतीच. सगळ्याच शिंप्यांच्या ब्लाऊजमध्ये असते. मी सिस्टरना म्हटलं, "मुंढा मोठा करून देतो हिले."

"करा," त्या म्हणाल्या. त्यांना शिवणातलं काही कळत नव्हतं.

मला मात्र कळत होतं की नुसता मुंढा उतरवून भागायचं नाही. बाहेरच्या माणसाला वाटतं, मुंढा मोठा केला की सैल झालं. तसं नसतं. मुंढा खाली उतरला की हात उचलताना अख्खा ब्लाऊज वर ओढला जातो आणि शिवण आणखी घासते. घरी जाऊन मी त्याच विचारात होते, तेव्हा मला वडिलांचे सदरे आठवले. ते काखेत एक चौकोनी तुकडा घालायचे. त्याला ते चौबगला म्हणायचे. बैल हाकायला, कुऱ्हाड चालवायला हात मोकळा पाहिजे म्हणून. तो तुकडा घातला की शिवणी काखेच्या मध्यात भेटतच नाहीत, चार कोपऱ्यांना पांगतात. गाठ राहत नाही आणि हात वर गेला तरी कपडा जागचा हलत नाही. जुन्या बायांच्या चोळ्यांनाही असा तुकडा असायचा. आम्ही नव्या तऱ्हेचे ब्लाऊज शिवायला लागलो आणि तो गेला.

तुकड्यासाठी मी मांजरपाट घेतला. साधं, जाडसर, घाम पिणारं सुती कापड. नवं असताना खरखरीत लागतं, म्हणून आधी चांगलं उकळून, धुऊन मऊ केलं. सिंधूच्या गुलाबी टेरिकॉटच्या ब्लाऊजला काखेत पांढऱ्या मांजरपाटाचा चौकोन. हात खाली असला की दिसत नव्हता. मी मालकांना म्हटलं, "काखमांजरीले मांजरपाट." ते मशीन थांबवून हसले.

सिंधूची काख हळूहळू बरी झाली. गळू आपोआप फुटलं, वाहिलं, सुकलं. ती परत वेचणीला जायला लागली. मला वाटलं, संपलं.

मग तिच्या सासूला झालं.

कोंडाबाई म्हणजे मोठ्या धाकाची बाई. डोईवरचा पदर पुरुषांसमोर कधी ढळला नाही. दोन्ही वेळा शेतात हजर, ज्वारीची रास स्वतः मोजून घेणारी. काखेत गाठ आली तेव्हा तिनं कोणालाच सांगितलं नाही. बिब्बा लावला. चुना लावला. गाठ वाढली, ताप आला, तेव्हा अंथरूण धरलं. आणि अंथरुणावरून निरोप धाडला तो सिंधूच्या माहेरी. सुनेचं दुखणं मला लागलं, हिला घेऊन जा, घरात ठेवायची नाही.

मला हे कळलं ते सिंधूचा भाऊ बैलगाडी घेऊन आला त्या सकाळी. मी तशीच त्यांच्या घरी गेले. अंगणात गाडी सोडलेली, बैल कडबा खात होते. ओसरीत भाऊ मान घालून बसलेला, शेजारी सिंधूचं बोचकं. सिंधूचा नवरा दाराला टेकून उभा. तो आईपुढे बोलणाऱ्यांतला नव्हता. आत कोंडाबाई खाटेवर, एक हात अंगापासून लांब धरलेला. आणि सिंधू खाली बसून, गरम पाण्यातलं फडकं पिळून, आधी स्वतःच्या मनगटावर लावून मग सासूच्या काखेत ठेवत होती. बाहेर तिचं बोचकं बांधून तयार होतं, आणि ती इथं शेक देत होती.

"कोंडाबाई," मी म्हटलं, "मी सिस्टरले आणतो."

"कायले? हिनं आणलं हे घरात. हिले जाऊ द्या, आपोआप जाईन."

"हे काई अंगावरून उडून नाई येत."

"मग मले काऊन झालं? एवढं वय झालं, कधी झालं होतं का?"

मी सिस्टरना घेऊन आले.

सिस्टरनी काख बघितली. सिंधूचं होतं ते बोराएवढं. इथं सगळी काखच सुजून लाल-जांभळी झाली होती आणि दोन-तीन तोंडांतून पू येत होता. त्यांनी ताप बघितला, नाडी बघितली. मग जे विचारलं, त्याचा मला काही संबंध लागेना.

"पाणी किती पिता, अम्मा?"

कोंडाबाईनं तोंड फिरवलं. उत्तर सिंधूनं दिलं. "लय पिते. तांब्या उशाशी ठेवतो तं तोही पुरत नाई. सारखं उठा लागते. पायाले मुंग्या येते म्हणते. आन् वाळली कितीक, बांगड्या गळून पडते हातातल्या."

कोंडाबाई डोळे उघडून तिच्याकडे बघायला लागली. हे सगळं तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. सून बघत होती, हे तिला तेव्हा कळलं असावं.

सिस्टर म्हणाल्या, "अम्मा, लघवी पाहिजे थोडी. या वाटीत."

"काखेत दुखते तं मूत कायले पाह्यते ही बाई?"

"कोंडाबाई, द्या," मी म्हटलं. "सिस्टर उगाच नाई मांगत."

सिंधूनं तिला धरून नेलं आणि आणलं. सिस्टरच्या पेटीत गरोदर बायांची लघवी तपासायचं सामान असायचं. एक काचेची नळी, स्पिरिटचा दिवा आणि बाटलीत निळं पाणी. त्यांनी नळीत निळं पाणी घेतलं, त्यात लघवीचे थेंब टाकले आणि दिव्यावर धरलं. आम्ही सगळे बघत होतो. भाऊही ओसरीतून उठून दाराशी आला. निळं पाणी हिरवं झालं, मग पिवळट, आणि मग विटेसारखं लाल झालं.

सिस्टरनी नळी उजेडात धरली. "साखर," त्या म्हणाल्या. "लघवीत साखर उतरली. रक्तात तर फार असेल." मग खाटेच्या काठावर बसून कोंडाबाईला सांगितलं, अगदी पोरांना सांगतात तसं. "जंतू पंच्यातून आले असतील, हो. सुनेला होतं तेव्हा तुम्ही तोच पंचा वापरला. पण तिचं बरं झालं, तुमचं नाही झालं. कारण तुमच्या रक्तात साखर आहे. साखरेत जंतू मातात. ही सुनेची चूक नाही. आणि हे माझ्या गोळीनं बरं व्हायचं नाही. आदिलाबादला जायचं. आता."

"उद्या पाहू," कोंडाबाई म्हणाली.

"उद्या नाही. विष अंगात चढेल."

आमच्या रस्त्याला बस दुपारी एकदाच यायची, आणि बसच्या रस्त्यापर्यंत कोंडाबाईला चालवणं शक्य नव्हतं. तेव्हा सिंधूचा भाऊ पहिल्यांदा बोलला.

"गाडी हाय ना माह्यी," तो म्हणाला आणि बैल जुंपायला गेला.

बहिणीला न्यायला आणलेल्या गाडीत कडबा पसरला, वर गोधडी टाकली आणि कोंडाबाईला निजवलं. सिंधू गाडीत चढली आणि सासूचा हात स्वतःच्या खांद्यावर घेऊन बसली, धक्का लागू नये म्हणून. तिचा नवरा चाकाच्या बाजूनं चालत होता. तो जाताना ओसरीतलं बोचकं उचलून आत ठेवून आला, ते मी बघितलं.

गाडी बसच्या रस्त्यापर्यंत गेली, पुढे दुपारची बस मिळाली. आदिलाबादच्या डॉक्टरांनी त्याच दिवशी चीर देऊन पू काढला. आणखी उशीर झाला असता तर हाताबाहेर गेलं असतं, असं ते सिंधूच्या नवऱ्याला म्हणाले. साखर उतरवायची सुई सुरू केली. सिंधू तिथंच राहिली, व्हरांड्यात चूल मांडून. पुढे गोळ्यांवर भागलं. गूळ सुटला, चहातली साखर सुटली. ज्वारीची भाकर आणि भाजी यांना डॉक्टरांनी हरकत घेतली नाही, तेव्हा कोंडाबाईला त्या डॉक्टरांबद्दल थोडा विश्वास वाटायला लागला.

घरी आल्यावर बऱ्याच दिवसांनी ती माझ्या दुकानात आली. बसली. मी कामात होते, ती माझी शिवण बघत राहिली. मग म्हणाली, "सिंधूच्या पोलक्यात तुकडा टाकला ना तुवं, तसा माह्याही पोलक्यात टाक."

सुनेची तिनं माफी मागितली का, ते मला ठाऊक नाही. मागितली नसावी. आमच्याकडे सासवा माफी मागत नसत. पण त्यांच्या न्हाणीत मी नंतर एकदा गेले तेव्हा खुंट्यांवर वेगवेगळे पंचे वाळत होते. एकाच्या काठाला लाल दोऱ्याचा टाका घातलेला. सिंधूला विचारलं तर म्हणाली, "हा माह्या. सासूबाईनंच टाकला टाका, चुकू नये म्हणून."

त्यानंतर बाया माझ्याकडे येऊन नुसतं "तुकड्याचं पोलकं" म्हणायला लागल्या. मी ब्लाऊज उलटा करायची, डाग दिसला की सिस्टरकडे धाडायची. सिस्टर काख बघायच्या आणि शिवण घासलेली दिसली की माझ्याकडे धाडायच्या. असं आमचं दोघींचं चालू झालं. सिस्टर नव्या आल्या तेव्हा परक्या म्हणून गाव त्यांना दाराबाहेरच बसवायचं, तिथपासून आम्ही इथवर आलो होतो.

गिऱ्हाइकंही नाना तऱ्हेची यायची. शाळेतली एक बाई होती, आदिलाबादहून बदलून आलेली. तिला श्वास घेता येईल इतकाच सैल ब्लाऊज पाहिजे असायचा. फळ्यावर लिहिताना हात वर जायचा आणि काखेत पुटकुळ्या यायच्या. मी तुकड्याचं सुचवलं तर म्हणाली, "टेलरबाई, ते शेतातल्या बायांचं. मी फळ्यावर खाली लिहीन." वर्षभर तिनं फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागातच लिहिलं. मग एके दिवशी गुपचूप कापड आणून ठेवलं आणि म्हणाली, "घाला तो तुकडा. पण त्याच रंगाचा घाला."

सगळ्यांचं बरं झालं, असंही नाही. गंगू नावाची भाजी विकणारी बाई होती. तिच्या दोन्ही काखांत गाठी यायच्या, फुटायच्या, आत बोगदे झाल्यासारखे व्रण राहायचे आणि पुन्हा यायच्या. शेक, साबण, सैल कपडा, साखरेची तपासणी, सगळं केलं. सिस्टरनी तिला मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, हा वेगळाच चिवट रोग आहे, साधं केसतूड नाही, ताब्यात ठेवता येतो पण मुळासकट जाणं अवघड. लोक तिच्याकडून भाजी घ्यायला कचरायचे. सिस्टर मुद्दाम तिच्याच टोपलीतून वांगी घ्यायच्या आणि चार माणसांत म्हणायच्या, "ये गंदगी से नहीं है. कोणाला लागत नाही." आमच्यानं तेवढंच झालं. त्याची रुखरुख मला अजून आहे.

नव्वदनंतर काही वर्षांनी सिस्टरची बदली झाली, इंद्रवेल्लीच्या बाजूला, जंगलपट्टीत. गावानं शाळेच्या ओसरीत निरोपाचा कार्यक्रम ठेवला. सरपंच, मास्तर, पोलीसपाटील खुर्च्यांवर, बाकी पुरुष सतरंजीवर, आम्ही बाया मागे भिंतीला लागून. भाषणं झाली. सिस्टरनी पोलिओचे डोस दिले, बाळंतपणं केली, पावसात नाला ओलांडून आल्या, असं सगळे बोलले. खरंच होतं ते. हार घातला, नारळ दिला, पातळ दिलं.

मी बायांकडे बघितलं. त्या भिंतीला बसलेल्या निम्म्या बायांच्या काखेत माझा तुकडा होता, आणि त्या तुकड्यामागे सिस्टर होत्या. पण हे कोण बोलणार आणि कसं बोलणार? मला स्वतःला बोलायचं होतं. तेलुगू मला नीट येत नव्हतं, आणि मराठीत पुरुषांसमोर काख हा शब्द तोंडातून निघेना. सिस्टर हार घालून खाली बघत बसल्या होत्या. सरपंच आभार मानायला उठले.

तेवढ्यात माझ्या शेजारून कोंडाबाई उठली. एवढ्या वयात ती कधी पुरुषांच्या बैठकीत उभी राहिली नव्हती. डोईवरचा पदर तिनं नीट केला. खुर्च्यांच्या पुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तुमी सारं सांगतलं, हे नाई सांगतलं." आणि तिनं उजवा हात सरळ वर केला, पार डोक्याच्या वर. पोलक्याच्या काखेतला पांढरा तुकडा सगळ्या गावाला दिसला. डाव्या हातानं तिनं बाही मागे सारली. बाहीच्या कडेनं जुन्या चिरेच्या व्रणाचं टोक दिसलं.

"हा हात वर जाऊन राह्यला तो या बाईनं," ती म्हणाली. "आन् माह्यी सून माह्या घरात हाय, तीही या बाईनं."

सरपंच जागच्या जागी उभे राहिले. पुरुषांपैकी कोणी हसलं नाही. भिंतीजवळून सिंधूनं पदराचं टोक डोळ्याला लावलं.

सिस्टर खुर्चीतून उठल्या. गळ्यातला हार बाजूला सारला, कोंडाबाईच्या वर धरलेल्या हाताखाली वाकल्या आणि सवयीनं त्या व्रणावर अंगठा दाबून बघितला.

"दुखतं का, अम्मा?"

"नाई दुखत," कोंडाबाई म्हणाली. पण हात तिनं खाली घेतला नाही.